देहाचा प्रश्न आणि पगाराचा प्रश्न

सप्टेंबर २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नेमणुकीस असलेल्या एका पोलिस शिपायाने वरिष्ठांकडे एक महिन्याच्या रजेचा अर्ज केला. मागणी एवढीच होती की शस्त्रक्रिया करून घ्यावयाची आहे, रजा मिळावी आणि परत आल्यावर नोकरी शाबूत राहावी. खात्याच्या कागदांवर हे शिपाई 'महिला' म्हणून नोंदलेले होते, आणि शस्त्रक्रिया होती ती पुरुष म्हणून पुढील आयुष्य जगता यावे यासाठी. आज त्यांना ललित साळवे या नावाने ओळखतात. पूर्वीचे नाव वर्तमानपत्रांनी पुष्कळदा छापले; पण जे नाव माणसाने स्वतः उतरवून ठेवले ते आपण पुन्हा उच्चारण्याचे काही कारण नाही.

अर्ज नामंजूर झाला. नामंजूर करणाऱ्यांस निर्दय म्हणणे सोपे आहे, पण सरकारी चाकरीत केस पांढरे केलेल्या आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे ती फाईल जशीच्या तशी उभी राहते. महाराष्ट्रात पोलिस शिपायाच्या भरतीस स्त्रियांना १५५ सेंटिमीटर आणि पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंचीची अट. जी व्यक्ती एका रांगेतून आत आली, ती आता दुसऱ्या रांगेत उभी राहू म्हणते. तिला कोणत्या नियमाखाली बसवावे याचे उत्तर टेबलावरच्या कोणत्याच पुस्तकात नाही. आणि पुस्तकात नाही त्याला 'नाही' म्हणावे, ही कचेरीची जुनी रीत. नोव्हेंबरात प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा नोकरीविषयक वाद आहे असे सांगून न्यायालयाने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखविली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही सहानुभूतीने विचार व्हावा असे सुचविले. अखेर मे २०१८ मध्ये गृहखात्याची परवानगी आली व २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया पार पडली. पुढचे टप्पे नंतर झाले. एका महिन्याची रजा मिळण्यास आठ महिने लागले.

वैद्यकीयदृष्ट्या साळवे यांचे प्रकरण किंचित निराळे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे 'वाय' गुणसूत्र आढळले होते. इतर अनेकांच्या बाबतीत शरीर जन्मापासून एकच गोष्ट सांगत असते आणि मन दुसरीच. अशा मनाला पूर्वी वेड म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात मात्र ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून अन्यत्र ठेवली. परंतु नोकरीच्या दारात दोघांची अडचण एकच. उपचार महिनोन्‌महिने चालतात, दाढीमिशा येतात किंवा जातात, आवाज बदलतो, नाव बदलते. आणि हे सारे हजेरीपटासमोर, सहकाऱ्यांच्या देखत घडत असते. गुपचूप आजारी पडून गुपचूप बरे व्हावे असा हा उपचारच नव्हे.

आपल्या मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. वधूवरसूचना, सणवार, कोणाच्या मुलाने कोठे कोणती पदवी मिळविली, हे वाचण्याची आपल्याला सवय. परंतु ताप्ती लाइनने नंदुरबार-जळगावाकडून येऊन उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत घरे केलेल्या आपल्या समाजात पुष्कळ घरे एका पगारावर किंवा दोन अर्ध्या पगारांवर चालतात. अशा घरातले एखादे लेकरू आईजवळ येऊन ही गोष्ट बोलते, तेव्हा पहिली चिंता 'लोक काय म्हणतील' ही असते, हे खरे. पण महिनाअखेर आली की दुसरी चिंता पहिलीला मागे सारते. कामावर ठेवतील ना? आणि दवाखान्याचा खर्च कोण देणार? पहिल्या चिंतेवर आपल्याकडे बोलणारे उदंड आहेत. आम्ही दुसरीवरच लिहावयाचे ठरविले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक विद्यार्थी आम्हास भेटावयास आला. खरे म्हणजे आली, कारण तोवर तिने आपले नाव व पेहराव बदलला होता. भरतकामाच्या एका खात्यात ती पाच वर्षे यंत्रावर काम करीत होती. हात चांगला, गैरहजेरी नाही. केस वाढविले तोवर कोणी काही बोलले नाही. पण एके शनिवारी पगार हातात ठेवताना सोमवारपासून येऊ नको असे सांगण्यात आले. कारण विचारावे तर कारण नाही, आणि नेमणुकीचे पत्र कधी नव्हतेच. पगार रोख, हजेरी मालकाच्या वहीत. ''सर, ऑपरेशनचे पैसे मी कसेही जमवीन, पण ते जमेपर्यंत मला कामावर कोण ठेवणार?'' असे ती म्हणाली, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत घेऊन गेली. हल्ली घरी बसून साड्यांना टिकल्या व लेस लावते. मिळकत पूर्वीच्या निम्मी.

तिच्या या एका वाक्यात सगळा तिढा आला आहे. उपचाराला पैसा लागतो, पैशाला नोकरी लागते, आणि उपचार सुरू होताच नोकरी डळमळते. साळवे यांच्याजवळ निदान अर्ज करण्यासाठी वरिष्ठ होते, नकार लेखी मिळत होता, लेखी नकार घेऊन न्यायालयात जाता येत होते. सुरतेच्या लूमच्या खात्यांत आणि हिऱ्याच्या घंटीवर नगावर मजुरी घेणाऱ्या माणसाजवळ नकाराचासुद्धा कागद नसतो. कायदा कितीही चांगला असो, तो कागदाला धरून चालतो. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्याजवळ येईपर्यंत कायद्याचे पाय थकतात.

कायदा चांगला नाही असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात माणसाने आपली लिंगओळख स्वतः ठरवावी हा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्कसंरक्षण कायदा आला व १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. भरती, बढती व नोकरीच्या इतर बाबतींत कोणत्याही आस्थापनेने भेदभाव करू नये, आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रारी पाहण्यासाठी एक अधिकारी नेमावा, असे त्यात लिहिले गेले. युरोपाने हे थोडे आधी ठरविले होते. इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात एका शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापकाने आपण स्त्री म्हणून जगणार असल्याचे कळविले व त्या व्यक्तीस काढून टाकण्यात आले. ३० एप्रिल १९९६ रोजी युरोपीय न्यायालयाने ही बडतर्फी म्हणजे लिंगावरून केलेला भेदभावच होय असा निकाल दिला.

शिक्षणसंस्था! आमच्या व्यवसायाची ही गोष्ट आम्हास अधिक बोचते, कारण आपल्या गुजरातेतही असेच घडले. जेन कौशिक या तृतीयपंथी शिक्षिकेची जामनगर येथील एका खाजगी शाळेने निवड केली, आणि ओळख कळताच तिला रुजू करून घेतले नाही. त्याआधी उत्तर प्रदेशातील एका शाळेतील तिची नोकरी थोड्याच दिवसांत सुटली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने तिला नुकसानभरपाई देवविली, कायदा होऊनही सरकारांनी तो कागदावरच ठेवला म्हणून कानउघाडणी केली, आणि समान संधीचे धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली गेली, जी बीडच्या त्या अर्जाशी ताडून पाहण्याजोगी आहे. अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास मालकाची परवानगी घेण्याचे बंधन कोणावर नाही, कामाचे स्वरूपच लिंगओळखीवर आधारलेले असेल तेवढा अपवाद. कागदपत्रांत बदल करता यावेत म्हणून वाजवी मुदतीत सूचना द्यावी, इतकेच. परवानगी आणि सूचना यांत अंतर किती, हे ज्याने कधी वरिष्ठांच्या सहीसाठी ताटकळत वाट पाहिली आहे त्याला सांगावयास नको.

मुले काय म्हणतील, पालक काय म्हणतील, ही शाळाचालकांची नेहमीची सबब. मुले दोन दिवस कुजबुजतात आणि तिसऱ्या दिवशी बाईंनी गृहपाठ तपासला की नाही याची काळजी करू लागतात, हे कोणीही अनुभवी शिक्षक सांगेल. विराट राजाने बृहन्नडेच्या हाती आपली मुलगी नृत्य शिकावयास सोपविली, तीही रीतसर पारख करून. तेथे अर्जुनाने सोंग घेतले होते ही गोष्ट वेगळी. पण राजाला ते ठाऊक नव्हते. त्याने पाहिली ती विद्या.

आता पगार चालू ठेवण्याची व्यवस्था. सरकारी किंवा मोठ्या कारखान्यातील नोकराला अर्जित रजा, वैद्यकीय दाखल्यावरील रजा हे मार्ग असतात. मध्यम नोकरदारासाठी, म्हणजे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या व नोंदलेल्या आस्थापनेतील कामगारासाठी, कर्मचारी राज्य विमा, ज्याला आपण सगळे ईएसआय म्हणतो, तो मोठा आधार आहे. १ जानेवारी २०१७ पासून त्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली, आणि जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के असा वाटा ठरला. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. मात्र दाखला ईएसआयच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा लागतो. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच त्यांना भेटून सर्व कागद दाखवावेत, नंतर नव्हे. ज्यांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जात नाही त्यांनी तो का कापला जात नाही हे मालकास आजच विचारावे. आजारी पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

खाजगी विम्याची कथा याहून चमत्कारिक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची प्रमाणित भाषा ठरवून दिली, जेणेकरून प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने बारीक अक्षरांत काहीबाही लिहू नये. हेतू चांगलाच होता. त्या यादीत सातवा अपवाद लिंगबदलाच्या उपचारांचा: शरीराची लक्षणे विरुद्ध लिंगाच्या शरीरासारखी करण्यासाठी केलेला कोणताही उपचार, शस्त्रक्रिया धरून, विम्याच्या बाहेर. त्याच्या पाठोपाठ आठवा अपवाद सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचा. आणि त्याच २०१९ सालच्या डिसेंबरात आलेल्या कायद्याच्या पंधराव्या कलमात सरकारवर जबाबदारी टाकली आहे की लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार, लेझर उपचार इत्यादींचा खर्च भागविणारी सर्वसमावेशक विमायोजना असावी. एकाच वर्षात एका हाताने कलम लिहिले आणि दुसऱ्या हाताने अपवाद. दोन्ही हात एकाच देहाचे, पण एकमेकांस ठाऊक नसावेत.

तेव्हा घरात आरोग्यविम्याची पॉलिसी असेल तर ती काढून अपवादांचे पान वाचावे. सातवा अपवाद तेथे असल्यास शस्त्रक्रियेचा दावा लागणार नाही असे धरूनच हिशेब करावा. पण याचा अर्थ अशा व्यक्तीला विमाच नाही असा मुळीच नव्हे, आणि हा गैरसमज घरोघर आहे. डेंग्यू झाला, अपघात झाला, पित्ताशयात खडे झाले, तर पॉलिसीच्या अटींप्रमाणे दावा इतरांसारखाच मिळावयास हवा. अपवाद त्या एका उपचारापुरता आहे. धोका असतो तो नावांचा. पॉलिसीवर एक नाव, आधारकार्डावर दुसरे, रुग्णालयाच्या केसपेपरावर तिसरेच, अशी त्रिस्थळी यात्रा झाली की साध्या तापाचा दावाही महिनोन्‌महिने अडकतो. नाव बदलताच कंपनीस लेखी कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. नवा प्रस्ताव भरताना चालू असलेली औषधे लपवू नयेत. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते, आणि मग विमा हातचा जातो.

मोठ्या कंपन्यांच्या सामूहिक विम्याचे तसे नाही. तेथे मालक आणि विमाकंपनी यांच्यात वाटाघाट होते व जादा हप्ता भरून एखादा अपवाद काढून टाकता येतो. टाटा स्टीलने डिसेंबर २०१९ मध्ये धोरण जाहीर करून अशा शस्त्रक्रियेस अर्थसाहाय्य व तीस दिवसांची विशेष रजा देऊ केली. बीडला जी एक महिन्याची रजा आठ महिन्यांनी मिळाली तीच येथे धोरणात आधीच लिहिलेली! आपल्या समाजातही लहानमोठे कारखानदार आहेत. कामगारांचा सामूहिक विमा दरसाल ते नवा करतातच. त्या वेळी दलालास हा एक प्रश्न विचारावयास पैसे पडत नाहीत.

सरकारी योजनेचेही पाऊल पडले आहे. २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण व सामाजिक न्याय मंत्रालय यांच्यात करार झाला आणि आयुष्मान भारत योजनेत, ओळखपत्र असलेल्या तृतीयपंथी व्यक्तीस, लिंगबदलाच्या उपचारांसह, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणाची घोषणा झाली. घोषणेपासून खाटेपर्यंतचे अंतर रुग्णालयागणिक वेगळे असते, म्हणून 'ही शस्त्रक्रिया या रुग्णालयात या योजनेखाली होते काय' हे आधी लेखी विचारून घ्यावे. उपचारांत शस्त्रक्रिया एकदाची होऊन जाते, पण संप्रेरकांची औषधे व रक्ततपासण्या वर्षानुवर्षे चालतात, आणि बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या औषधांचा खर्च बहुतेक साध्या पॉलिसी देत नाहीत. घरचे अंदाजपत्रक करताना हा मासिक खर्च धरावयास विसरू नये. गाडे अडते ते बहुधा येथे.

राहिला कागदांचा प्रश्न, आणि येथे आम्ही आमच्या टेबलाच्या अधिकाराने बोलू शकतो. २०१९ च्या कायद्याने ओळखपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले, त्यासाठी २५ नोव्हेंबर २०२० रोजी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले, आणि शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद असलेले सुधारित पत्र मिळण्याची तरतूद केली. नियम बदलत असतात. अर्ज करण्याच्या दिवशी काय लागू आहे ते कलेक्टर कचेरीत विचारून घ्यावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. त्या ओळखपत्राच्या आधारे जन्मदाखल्यात व इतर सरकारी कागदांत नाव बदलण्याचा हक्क कायद्याने दिला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी ओळखपत्र, मग आधार, मग बँक, मग नोकरीचे दफ्तर, आणि त्याच सुमारास शाळेचा दाखला. शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापकाला मनाने बदलता येत नाही. मूळ नोंद खोडावयाची नसते. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला की त्याचा क्रमांक व तारीख घालून शेरा मारावयाचा असतो. म्हणून शाळेत येऊन हुज्जत घालण्याऐवजी आदेशाची प्रत घेऊन यावे. आणि आमच्या व्यवसायबंधूंना सांगणे असे की आदेश हाती असताना 'वर विचारून सांगतो' असे म्हणून त्या मुलाला चार हेलपाटे घालावयास लावू नयेत.

सेवापुस्तकाचेही असेच आहे. राजस्थानात एक शारीरिक शिक्षण शिक्षक स्त्री म्हणून नोकरीस लागले होते. शस्त्रक्रियेनंतर सेवापुस्तकात नाव व लिंग बदलून मिळावे म्हणून त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले, आणि मे २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्यांची चिंता स्वतःच्या पगाराची नव्हती. तो मिळतच होता. आपल्या पश्चात कुटुंबाला सेवेचे लाभ मिळताना नावाच्या घोळाने अडू नये, ही होती.

यावरून एक गोष्ट आठवते, जी आपल्या घरांत हमखास राहून जाते. मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने लहानपणी घेतलेली आयुर्विम्याची पॉलिसी ट्रंकेच्या तळाशी असते. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर वारस म्हणून जुनेच नाव असते. बँकेच्या मुदतठेवीवर, सोसायटीच्या भागपत्रावर, गावाकडच्या सातबाऱ्यावरही तेच. लेकराने नाव बदलले की आईवडिलांनी एक दुपार काढून हे सर्व कागद एका पिशवीत जमा करावेत, त्यांची यादी करावी, आणि नामनिर्देशनाचे नवे अर्ज आपल्या हयातीत, आपल्या सहीने भरून द्यावेत. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. आयुर्विम्याचा शाखेत मिळतो. पोचपावती मात्र घ्यावी, आणि जुन्या नावाचा एकही कागद फाडून टाकू नये.